पाचवा उद्गार

उपासकाळ लागला की माझं डोकं फिरतं. ईस्टरच्या आधीचे हे काही आठवडे आम्हा ख्रिस्ती लोकांनी शांत राहायचं, मटण-मासे सोडायचे, राग आवरायचा आणि स्वतःच्या चुका आठवायच्या, असा नेम आहे. माझं नेमकं उलटं होतं. मला दुसऱ्याच्या चुका आठवतात. त्यातही एकाच माणसाच्या, आणि तो माणूस म्हणजे माझे वडील.

यंदाही तसंच झालं. नवीन पनवेलच्या आमच्या गल्लीतल्या सावरीला लाल फुलं आली, दुपारी गॅलरीच्या कठड्याला हात लावता येईना, आणि एका सकाळी राब भाजल्याचा धुरकट वास आला. हल्ली राब भाजायला शेतं उरली आहेत तरी किती? पण कुणीतरी कुठेतरी अजून पालापाचोळा जाळून भाताच्या रोपांसाठी जमीन तयार करतं, आणि तो वास नाकात शिरला की मला पप्पांचा खोकला ऐकू येतो. पप्पांना जाऊन काही वर्षं झाली. मी त्यांच्याशी भांडायची थांबलेली नाही.

ते मूळचे नगरकडचे. तरुणपणी फौजेत गेले. तिथे त्यांच्या हातात बंदूक कमी आणि स्टिअरिंग जास्त होतं. वाळवंटातल्या ठाण्यांना पाणी पोचवणारा टँकर ते चालवायचे. फौजेतून हवालदार म्हणून सुटल्यावर पनवेलला आले आणि तळोज्याच्या बाजूला एका रंगाच्या कारखान्यात लागले. भिंतीचा रंग नव्हे, कापडाला लावतात तो. आम्हाला सरकारी वसाहतीत एक बैठी खोली मिळाली. त्या खोलीत मी, आई, पप्पा, फौजेतली एक पत्र्याची ट्रंक आणि भरपूर प्रार्थना असे सगळे राहायचो.

प्रार्थनेचं मी चेष्टेने म्हणत नाही. उठल्यावर प्रार्थना, झोपताना प्रार्थना, जेवणाआधी प्रार्थना. आणि ती काही एका वाक्यात उरकायची नाही. ताटातली भाकरी गार व्हायची, चहावर साय धरायची, तरी पप्पांची यादी संपायची नाही. मंडळीतले, म्हणजे आमच्याबरोबर उपासनेला जमणाऱ्यांतले, आजारी, सीमेवरचे जवान, कारखान्याचे मालक, शेजारीपाजारी, सगळ्यांची नावं यायची. मी एक डोळा किलकिला करून भाकरीकडे बघायची. आई दुसऱ्या डोळ्याने माझ्याकडे बघायची.

कारखान्याच्या रंगाचं मात्र काही विचारू नका. तो अंगातच मुरलेला असायचा. साबण झाला, रॉकेल झालं, लिंबू झालं, तरी तळपायांच्या भेगांत गुलाबी रेघा राहायच्याच. उन्हाळ्यात घाम आला की उशीच्या अभ्र्यावर पिवळा डाग उठायचा. उपासकाळ आणि शिमगा हटकून एकत्र यायचे. आजूबाजूच्या आगरी गावांत ढोल वाजायचे, वसाहतीतली मुलं रंगून निघायची आणि चार दिवसांत धुऊन मोकळी व्हायची. पप्पा बारा महिने रंगलेले. वर्गातल्या मुली मला विचारायच्या, तुझे वडील ख्रिश्चन असून एवढी होळी कशी खेळतात? मला तेव्हा हसू यायचं नाही, आताही येत नाही.

आता ज्यासाठी हे सगळं सांगतेय ते सांगते. गुड फ्रायडेला, म्हणजे येशूच्या मरणाच्या दिवशी, आमच्याकडे भर दुपारी बारा ते तीन अशी मोठी उपासना असते. वधस्तंभावर असताना येशू सात वाक्यं बोलला. त्यांना आम्ही सात उद्गार म्हणतो. प्रत्येक उद्गारावर मंडळीतला एकेक जण उठून बोलतो, मधे गायन होतं, आणि बाहेर ऊन मी म्हणत असतं. पाचवा उद्गार तहानेचा, 'मला तहान लागली आहे' हा. तो कायम पप्पांकडे. धर्मगुरू म्हणजे पाळक बदलले, कमिट्या बदलल्या, शाळेचा भाड्याचा हॉल जाऊन स्वतःचं छोटं चर्च झालं, पण पाचवा उद्गार आमच्या घरून हलला नाही.

त्या दिवशी ते सकाळपासून पाण्याला शिवायचे नाहीत. आम्हालाही शिवू द्यायचे नाहीत. आईने कडक इस्त्री केलेला पांढरा शर्ट घालून ते उभे राहायचे आणि दर वर्षी तीच गोष्ट सांगायचे. लढाईच्या दिवसांत त्यांच्या टँकरमधलं पाणी मापून द्यायचा हुकूम होता. आपल्या माणसांनाच पुरत नव्हतं. एका ठाण्यावर शत्रूचा एक पकडलेला शिपाई होता, ओठ फुटलेला, पप्पांच्याच वयाचा. पप्पांनी हुकूम मोडून स्वतःच्या बाटलीतलं पाणी त्याला पाजलं आणि त्याबद्दल पाठीवर ओझं घेऊन वाळूत पळायची शिक्षा भोगली. हे सांगता सांगता त्यांच्या कॉलरवर घामाची गुलाबी कड उमटायची. मंडळीतल्या बाया पदराने डोळे टिपायच्या. मला ती गोष्ट फार आवडायची. हुकूम मोडणारा माझा बाप मला फार आवडायचा.

मी नववीत असताना तो उन्हाळा आला. तसा उन्हाळा पुन्हा येऊ नये, असं म्हणायची सोय नाही, कारण माझ्या डोक्यात तो दर वर्षी येतो.

त्या वर्षी पाण्याचे फार हाल होते. वसाहतीच्या नळाला पाणी यायचं म्हणजे नळ आधी नुसता फुसफुसायचा, मग चार बादल्या लाल गढूळ धार आणि खेळ खलास. आम्हाला तारलं हरीकाकांनी. हरीकाका पप्पांबरोबर कारखान्यात माल चढवायच्या कामाला. नाल्याकाठच्या आगरी गावातले. त्यांच्या वाडीत त्यांच्या वडिलांनी खणलेली विहीर होती, आणि तिचं पाणी एवढं गोड की आई म्हणायची, यात चहा करायचा म्हणजे साखरेचा अपमान आहे. मी आणि आई रोज सायकलला दोन कॅन लटकवून जायचो. काकी पोहरा ओढून द्यायची. काकांची लहान मुलं आमच्या सायकलची घंटी वाजवून वाजवून जीव घ्यायची. विहिरीच्या कडेला भेंडी आणि चवळी हिरवीगार, बाकी सगळी शेतं करपलेली.

हरीकाकांना आमच्या उपासकाळाचं कधीच लक्षात राहायचं नाही. नेमके तेव्हाच खाडीतले ताजे बोंबील घेऊन यायचे.

"वहिनी, घ्या. आताच आनलेत."

"भाऊ, आमचे उपास आहेत," आई म्हणायची. तोंडाला पाणी सुटलेलं तिला लपवता यायचं नाही.

"परत? परवाच तर व्हते."

"ते मागच्या वर्षी, भाऊ."

मग बोंबील परत जायचे आणि आई दिवसभर माझ्यावर खेकसायची.

एका सकाळी रात्रपाळीहून आलेले पप्पा दारातच बसले. बूट काढले नाहीत, प्रार्थना केली नाही. मी कॅन घेऊन निघाले होते. ते म्हणाले, "आजपासून हरीभाऊच्या विहिरीचं पाणी आणायचं नाही."

"का?"

"सांगितलं तेवढं ऐकायचं."

आईने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि घरातलं भरलेलं पिंप मोरीत ओतून दिलं. त्या उन्हाळ्यात कुणी भरलेलं पिंप ओतत नव्हतं. दोनेक दिवसांनी काकी बाजारात भेटली. "पान्याला का येत नाय?" आईने सांगितलं, नळाला बरं येतंय आता. नळ तर आठवडाभर कोरडा होता. आम्ही दुसऱ्या सेक्टरच्या टाकीवर तासन्‌तास रांग लावत होतो.

मग आठवड्याभराने हरीकाकांच्या विहिरीला रंग आला. आधी फिकट, कुणाला वाटलं शेवाळ. मग सरळ सरळ तांबूस. भेंडीची पानं कडेने जळाली. काकीच्या हातापायांना खाज सुटली, पोरांची पोटं बिघडली. गावातली माणसं कारखान्यांच्या दारांवर गेली. या कारखान्याने त्या कारखान्याकडे बोट दाखवलं, त्याने तिसऱ्याकडे. हरीकाका संध्याकाळी आमच्याकडे आले. पायरीवर बसले, आत यायलाही तयार नव्हते.

"फौजी, तुमी आतल्या कामाला. तुमाला ठावं असंल. आपल्याच कंपनीतून सोडला का?"

पप्पा जमिनीकडे बघत म्हणाले, "मला काही सांगता येणार नाही, हरीभाऊ."

"आसा का बोलता? मी काय पोलीस हाय?"

"प्रभू बघून घेईल."

प्रभू बघून घेईल! हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय की कुणी नुसतं "प्रभू" म्हटलं तरी माझ्या कपाळावर आठी येते. हरीकाका पाणी न पिता उठले. पुढे त्यांनी ती विहीर दगडमाती टाकून बुजवली. बापाने खणलेली विहीर मुलाने स्वतःच्या हाताने बुजवली, आणि पप्पा सुट्टी काढून त्यांना पाट्या उचलू लागायला गेले. मदतीला गेले, हे लक्षात घ्या. मदत करण्यात त्यांनी कधी कसूर केली नाही.

त्या वर्षीचा गुड फ्रायडे मला मिनिटामिनिटाने आठवतो. हॉलच्या पंख्यांना वारा नव्हता. पहिल्या चौघांचं बोलून झालं होतं. आता आमच्या लोकांची एक रीत सांगते, कारण सगळं पाणी तिथेच मुरलं. त्या दिवशी बोलणारा प्रत्येक जण स्वतःला दोष देतो. मीच खिळे ठोकले, मीच काट्यांचा मुकुट घातला, मीच थुंकलो. तसंच बोलायचं असतं. ज्याने आयुष्यात मुंगी मारली नाही असा मास्तरही उभा राहून म्हणतो, माझ्याइतका पापी या जगात नाही. मंडळी आमेन म्हणते, आणि मास्तर जागेवर येऊन घाम पुसतो.

पप्पा उभे राहिले. टँकरची गोष्ट येणार म्हणून मी पाठ टेकून बसले. ती आलीच नाही.

ते म्हणाले, "मी तहानलेल्याला पाणी दिलं नाही. ज्याच्या विहिरीचं पाणी मी प्यालो, माझी मुलगी प्याली, त्याच्याच पाण्यात मी या हातांनी विष सोडलं. मला हुकूम होता. वधस्तंभाखाली उभ्या असलेल्या शिपायांनाही हुकूम होता. मला कळत होतं मी काय करतोय. तो माझ्या दारात विचारायला आला आणि मी खाली बघितलं."

एवढंच. मग ते येऊन आमच्या पुढच्या बाकावर बसले. त्यांच्या शर्टावर पाठीमागून मोठा गुलाबी डाग पसरला होता.

"आमेन," पहिल्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. मग सगळेच म्हणाले. पेटी वाजली, गायन सुरू झालं, सहाव्या उद्गाराचा माणूस घसा खाकरत उठला.

त्या सकाळचे न काढलेले बूट, मोरीत ओतलेलं पिंप, सगळं एका जागी येऊन बसलं. मी इकडेतिकडे बघितलं. एकाच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. उपासना संपल्यावर दारात लोकांनी पप्पांचे हात हातात घेतले. "काय बोललात, हवालदारसाहेब, अंगावर काटा आला." पाळकसाहेब म्हणाले, किती खोल अर्थ काढलात. पप्पा प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. कुणीतरी विचारेल, कोणाची विहीर, म्हणून वाट बघत असावेत, असं मला आता वाटतं. कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी मी त्यांना धरलं. कारखान्याची घाण पाण्याची टाकी भरली होती, ती उपसून न्यायची गाडी आली नव्हती, सुपरवायझरने रात्री सांगितलं, नाल्याकडचा व्हॉल्व्ह खोल, पप्पांनी खोलला. पावसाळ्यात नाला वाहून नेतो. त्या उन्हाळ्यात नाला आटलेला होता, सगळं तिथेच साचलं आणि मुरलं. हे त्यांनी अगदी सरळ सांगितलं.

"मग हरीकाकांना सांगा ना."

"सांगितलं मी. सगळ्या मंडळीसमोर सांगितलं. देवासमोर सांगितलं."

"हरीकाका कुठे होते तिथे?"

पप्पा माझ्याकडे असं बघत राहिले, जणू मी परक्या भाषेत बोलतेय. त्यांना खरोखरच कळलं नसावं. त्यांच्या हिशेबी देवाला सांगून झालं की वरचं काम संपलं, मंडळीला सांगून झालं की खालचं. हरीकाका या दोन्हींत कुठे बसत नव्हते. "तू लहान आहेस," ते म्हणाले आणि प्रार्थनेला बसले. त्या प्रार्थनेत हरीभाऊवर आलेल्या संकटाचं नाव होतं. आलेलं संकट! जसं काही ते गारांसारखं आभाळातून पडलं होतं.

मी चिडून जेवले नाही. त्याने कुणाचं काही बिघडलं नाही.

पुढच्या वर्षी ते परत टँकरच्या गोष्टीवर आले आणि शेवटपर्यंत तिच्यावरच राहिले. हरीकाकांशी त्यांची दोस्ती तुटली नाही. उलट वाढली. काकांच्या मुलीच्या लग्नात पप्पांनी पंगतीत वाढलं, काकांना कावीळ झाली तेव्हा हॉस्पिटलात रात्री जागले. हे सगळं ते करायचे आणि मी मनात म्हणायची, एवढ्या खटपटीपेक्षा एक वाक्य बोला ना, पप्पा. मोठी झाले, नोकरीला लागले, तरी दर उपासकाळात आमचं तेच भांडण. आई मधे पडायची. "नोकरी गेली असती तर तुझी शाळा कुठून झाली असती?" हे खरं होतं, म्हणून मला आणखी राग यायचा. मी चांगल्या माणसाची मुलगी आहे हे मला कुणी वेगळं सांगायला नको. चांगला माणूस असतानाही हे केलं, हीच तर माझी तक्रार आहे. वाईट असते तर एकदाच सोडून दिलं असतं आणि सुखाने बोंबील खाल्ले असते.

पप्पांच्या मातीला हरीकाका आले होते. चपला लांब काढून ठेवल्या, मूठभर माती टाकली आणि रडत म्हणाले, "आसा मानूस परत मिलनार नाय." लोकांनी मान डोलावली. मी दात आवळून उभी होते. त्यांना वाटलं दुःखाने.

आणि यंदा आमच्या पाळकसाहेबांचा फोन. हे नवे आहेत, वयाने माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, फार उत्साही.

"सलाम, सुवार्ताताई. पाचवा उद्गार यंदा तुम्ही घ्यायचा."

"दुसरं कुणी बघा."

"ताई, तो तुमच्या घरचा आहे."

"उद्गार काय वतनात मिळतो का?"

ते हसले. मग म्हणाले, जुनी माणसं अजून तुमच्या वडिलांचं ते विहिरीचं प्रवचन आठवतात. एवढी लीनता, एवढं रूपक. तसंच काहीतरी बोला.

रूपक! मी फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. डोक्यावरून एक विमान खाली खाली येत गेलं. आता इथे विमानं उतरतात, टेकड्या कापल्या गेल्या, नाल्याकाठी वीस-वीस मजले उभे आहेत, आणि माझ्या बापाने एकदाच काय ते खरं सांगितलं, त्याचं यांनी रूपक करून टाकलं. मला असं वाटलं की आता हे सांगायचं राहिलं तर कायमचंच राहील. हरीकाका ऐंशीच्या पुढे गेलेत. मी पाळकसाहेबांना परत फोन करून हो म्हटलं.

पण आधी हरीकाकांना घरी जाऊन सांगायचं, असं मी ठरवलं. रविवारी गेले. त्यांची वाडी कधीच गेली. तिथे टोलेजंग इमारत आहे, तिच्यात त्यांचे दोन फ्लॅट आहेत, मुलाची भलीमोठी पांढरी गाडी खाली उभी असते. काका बाल्कनीत खुर्ची टाकून बसले होते. त्यांना आता फार कमी ऐकू येतं. सून सरबत घेऊन आली, नातवंडं टीव्हीसमोर, मुलगा फोनवर कुणाला तरी खडीचा भाव सांगत होता. जे कानात सांगायचं ते मला सगळ्या घराला ओरडून सांगावं लागलं असतं.

"तुजा बापूस," काका स्वतःच सुरू झाले, "माज्या विहिरीला पाट्या टाकाला आल्ता. सख्खा भाव नाय आला. त्यो आला."

मी सरबत पीत राहिले. शेवटी त्यांच्या बऱ्या कानाशी जाऊन म्हटलं, "काका, शुक्रवारी आमच्या चर्चमध्ये या. मी पप्पांबद्दल बोलणार आहे. तुम्ही पाहिजेच."

"येतो ना. त्यात काय."

जिना उतरताना स्वतःचाच संताप आला. म्हणजे मीसुद्धा देवळातच सांगणार होते. बापाला इतकी वर्षं बोल लावून मीही त्याच वाटेने चालले होते. फरक एवढाच, की माझा ऐकणारा समोर असणार होता.

शुक्रवारी काका आले. पांढरा लेंगा, पांढरी टोपी. मुलाने गाडीतून सोडलं. मी त्यांना लाऊडस्पीकरच्या अगदी खाली पहिल्या बाकावर बसवलं. चौथा उद्गार झाला, गायन झालं, माझं नाव पुकारलं. मी ठरवलं होतं, एकही शब्द असा वापरायचा नाही ज्याचं कुणाला रूपक करता येईल.

मी म्हणाले, "माझे वडील रंगाच्या कारखान्यात होते. मी नववीत असताना एका रात्री त्यांनी कारखान्याचं घाण पाणी नाल्यात सोडलं. ते मुरून हरीकाकांची विहीर नासली. काका इथे समोर बसले आहेत. त्या विहिरीचं पाणी आम्ही पीत होतो. विहिरीला रंग यायच्या आठवडाभर आधी पप्पांनी आम्हाला घरी सांगितलं, पाणी आणू नका. काकांना सांगितलं नाही. नंतर काकांनी दारात येऊन विचारलं, तेव्हाही सांगितलं नाही."

"आमेन," मागून कुणीतरी म्हणालं. एका बाईने नाक ओढलं. कीबोर्डवाल्याने गायनाचा पहिला सूर धरला. मला तिथेच तो माईक आपटावासा वाटला.

"थांब जरा."

हरीकाका उठले होते. एका हाताने बाक धरला होता. बहिऱ्या माणसाचा आवाज, सगळ्या चर्चमध्ये घुमला.

"तुमी पानी बंद केला, आनि आमी पीतच व्हतो?"

"हो, काका."

"माजी पोरा पीत व्हती, सुवार्ता."

"हो."

कीबोर्ड थांबला. काकांनी माझ्यापलीकडे बघितलं, जसे काही पप्पा तिथे उभे होते. "मंग का नाय सांगितला त्यानी? येवढा जवलचा मानूस. का नाय सांगितला?"

"मला ठाऊक नाही, काका," मी माईकवर म्हणाले. मला खरंच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं भांडूनही ते मला कळलेलं नव्हतं, आणि आता विचारायला माणूस राहिला नव्हता.

या वेळी कुणी आमेन म्हणालं नाही. पाळकसाहेब घाईघाईने पुढे आले, त्यांनी दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "आपण सर्व जण उभे राहून प्रार्थना करू या."

"प्रार्थना मागशी करा, सायेब," हरीकाका म्हणाले. "आदी पोरीला सांगू द्या."

पाळकसाहेबांचे हात खाली आले. मी माईक स्टँडला लावला, पायऱ्या उतरले, काकांच्या बऱ्या कानाच्या बाजूला जाऊन बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.